कड्या आणि गळ

४ मार्च

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलं, राग आला की बोलू नका, लिहून काढा. हिने लगेच दोनशे पानी वही आणून माझ्यासमोर आपटली आणि विचारलं, "पुरेल ना?" तिथूनच आजच्या रागाला सुरुवात झाली.

छापखान्यातल्या तपासणीच्या खोलीतला उजेड. महिनाभर सांगतोय, ट्यूबलाइट बदला. वायरमन दोनदा येऊन बघून गेला, म्हणे नवीच आहे. नवी असेल तर हल्लीच्या ट्यूबा कारखान्यातूनच आंधळ्या निघत असतील. शाईचंही तेच. पूर्वी काळी म्हणजे काळी असायची, आता सगळा कारभार करडा. माहितीपत्रकाच्या कोपऱ्यातला क्रमांक तर एवढा फिका छापतात की मी तो बघणंच सोडून दिलंय. माझं मत असं की क्रमांक हा आळशी माणसाचा आधार. ज्याला अक्षर कळतं त्याला क्रमांक लागत नाही.

एकतीस वर्षं मी औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं तपासतोय. एकच औषध अकरा भाषांत जातं. त्यातल्या दोन मला येतात. उरलेल्या नऊ मी वाचत नाही, बघतो. मंजूर नमुना आणि छापलेला कागद दोन्ही उलटे धरायचे आणि ओळीशी ओळ जुळवायची. सरळ धरलं की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चूक सुटते. उलटं धरलं की फक्त आकार उरतो. यावरून मला पाठीमागे 'उलटे मास्तर' म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणोत. एकतीस वर्षांत एक खोकं परत आलेलं नाही.

आज शिरपाचा लॉट होता, लहान मुलांच्या तापाचा. घडीच्या टेबलावरची बाई, घडीवाली, गळांच्या खोक्याचा पहिला नमुना घेऊन आली. (जॉर्जियन अक्षरांना आम्ही गळ म्हणतो, खाली आकडे लोंबतात म्हणून. बर्मी म्हणजे कड्या.) मी बघितलं, ठीक आहे म्हणून परत पाठवलं. पुन्हा आली. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मास्तर, उजेडात नेऊन बघता का जरा? मला काहीतरी..." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तुझं काम घडी घालायचं, बघायचं काम माझं. कागद उलटे धरले, गोलाला गोल जुळला, मंजुरीच्या चिठ्ठीवर सही केली आणि तिच्या हातात दिली. आठ वर्षं घड्या घातल्या की बायकांना वाटतं आपण तपासनीस झालो.

पान संपलं. मागे लिहितो.

मालकीणबाई म्हणजे दगड आहे. वडील गेले आणि ही खुर्चीत बसली. लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या होड्या करायची, आता म्हणते, "काका, एकदा डोळे दाखवून घ्या ना." ट्यूब बदलायचा खर्च वाचवायला माझे डोळे पुढे करते. दगडाला पाझर फुटेल, हिला नाही.

१२ मार्च

बस चुकली. बसवरचे नंबर लहान करून टाकलेत. जवळ येईपर्यंत काही दिसत नाही आणि दिसेपर्यंत बस निघून जाते. थांब्यावर एका बाईने विचारलं, "आजोबा, कुठली हवी?" अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आजोबा. ही म्हणाली, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा दोन वर्षांपूर्वीचाच आहे, त्याला काय धाड भरलीय?

२ एप्रिल

औषध कंपनीकडून सहा हजार खोकी परत. बाहेर गळ, आत कड्या. जॉर्जियन खोक्यात बर्मी कागद.

मालकीणबाईंनी सगळ्यांना मशीनजवळ बोलावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. एकतीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत. मी विचारलं, पहिला नमुना दाखवल्याशिवाय लॉट पुढे गेलाच कसा? घडीवाली म्हणाली, "दाखवला होता मास्तर. तुम्हालाच दाखवला होता."

"मला दाखवला असता तर गेला असता का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, मान्य. मशीन बंद होती म्हणून जास्तच चढल्यासारखा वाटला. "चुकीच्या गठ्ठ्याला हात घातलास आणि आता माझ्यावर ढकलतेस. चोराच्या उलट्या बोंबा."

तिने बोटावरची कागद मोजायची रबरी टोपी काढली, टेबलावर ठेवली. सगळे माझ्याकडे बघत होते. एकालाही वाटलं नाही की म्हणावं, मास्तर बरोबर बोलतायत.

सहीची चिठ्ठी मालाबरोबर कंपनीकडे जाते. ती परत मागवली आहे, यायला दोनतीन आठवडे लागतील. तोवर घडीवालीला घरी बसवलंय. चिठ्ठी आली की दिसेल, त्यावर एकतर सही नसेल नाहीतर तिने कुणाचीतरी गिरवलेली असेल.

नंतर मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "काका, कंपनीला खुलासा द्यायचाय. तुम्ही दोन पानं लिहून द्या. या दोन भाषांची तुलना. दोन्ही किती सारख्या दिसतात, गोलगोल, परक्या माणसाची गफलत होणं कसं साहजिक आहे, असं."

"सारख्या?" मी म्हटलं.

"मला तरी सारख्याच दिसतात."

हे उंटावरून शेळ्या हाकणं. मी म्हटलं, लिहून देतो. पण जे आहे ते लिहीन.

६ एप्रिल

तीन दिवस संध्याकाळी वाचनालयात बसलो. तिथला उजेडही यथातथाच. ग्रंथपालाकडून भिंग मागून घेतलं. तो म्हणाला, घरी न्या हवं तर, मागणारं दुसरं कुणी नाही.

एकतीस वर्षं ज्या भाषा मी डोक्यावर उभ्या करून बघितल्या, त्या पहिल्यांदा पायावर उभ्या केल्या. राग राग झाला, इतक्या वर्षांत कुणी मला हे सांगितलं का नाही? जॉर्जियनची अक्षरं तेहेतीस. बर्मीची मूळ व्यंजनंही तेहेतीस. एवढं बघून मालकीणबाई खूश झाल्या असत्या. पण जॉर्जियन अक्षरं सुटी सुटी, एकामागे एक रांगेत उभी, स्वरसुद्धा त्याच रांगेत. अनी, बनी, गनी, दोनी असा त्यांचा पाढा. बर्मी मात्र आपल्या घरची निघाली. क, ख, ग, घ, ङ. अगदी याच क्रमाने. त्यांच्या अक्षराला डोक्यावर, पायाशी, पुढे, मागे खुणा लागतात, आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांसारख्या. शाळेत छडी खाऊन जे पाठ केलं ते तिकडची पोरंही म्हणत असतील, हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग घडीवाली आठवली आणि ते बरं वाटणं गेलं.

जॉर्जियन शब्दाशब्दांत जागा सोडतात, बर्मीत शब्द एकमेकांना धरून चालतात, जागा येते ती चार शब्दांनी. जॉर्जियन वाक्य टिंबाने संपतं, बर्मी दोन उभ्या रेघांनी. दोन उभ्या रेघा. आंधळ्याने हात फिरवला तरी कळेल. आणि ही बाई म्हणे मला दाखवला होता.

९ एप्रिल

कागदाचे रीळ घेऊन गुरुवारी जो ट्रकवाला येतो, तो जॉर्जियन बोलतो हे मला आज कळलं. नऊ वर्षं त्याच्या पावतीवर मी शिक्का मारतोय. माल उतरेपर्यंत त्याला माझ्या खोलीत बसवलं. आपली भाषा तो मोडकीतोडकी बोलतो, पण अडत नाही.

म्हणाला, "आमच्यात मामा म्हणजे बाप."

"मग मामाला काय म्हणता?"

"बिद्झा. काकालाही बिद्झा."

मी म्हटलं, सोय आहे, लग्नात मानपानाची भांडणं निम्मी. तो हसला. मग एक शब्द म्हणून दाखवला, त्यात पाचसहा व्यंजनं एका श्वासात, मध्ये स्वराला बसायला जागा नाही. त्यांच्या काही अक्षरांना घशातून ठसका द्यावा लागतो. मी प्रयत्न केला तर खोकला आला.

त्याच्याकडून आणखी एक कळलं. त्यांच्यात 'तो' आणि 'ती' असं वेगळं नाही, दोघांना एकच शब्द. म्हणाला, "चूक कोणी केली मास्तर? त्याने की तिने? आमच्या भाषेत सांगितलं तर कळणारच नाही." मी म्हटलं, आमच्या भाषेत कळतं. तिने.

मग मी त्याला तक्रारीबरोबर आलेलं पत्र दाखवलं. एका बाईचं होतं, हाताने लिहिलेलं, आमच्याकडे कुणालाच वाचता येत नव्हतं. तो आधी मनात वाचून गेला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मला सांगितलं. तिच्या मुलाला ताप होता, मुलगा दोन वर्षांचा. दुकान बंद झालेलं. खोकं उघडलं तर कागदावर फक्त गोल. "मी कागद उलटसुलट करून बघितला. एक चमचा की दोन, कुणाला विचारू? अंदाजाने दिलं. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपून होता. मग उठला आणि पाणी मागितलं. आता बरा आहे. तो दिवस मी कसा काढला हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय."

ट्रकवाला म्हणाला, "माझी बहीण असं लिहिते. अशीच."

 लिहूनही हा राग जात नाही. सहा हजार खोकी, सहा हजार आया. ज्याच्या हलगर्जीपणाने हे झालं त्याची मी गय करणार नाही. आता दोन पानांत भागणार नाही. चार लिहीन.

१३ एप्रिल

बर्मी बोलणारं कुणी मिळेना. हिनेच शोधून दिलं. म्हणाली, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका नर्सची ती मातृभाषा आहे, जाऊन विचारा, सकाळी साडेदहाला मोकळी असते. हिला ती केव्हा भेटली, ते मी विचारलं नाही. कामाची माहिती मिळाली ना, मग झालं.

नर्स लहान चणीची, शांत. मी प्रश्नांची यादी काढली. तिने सांगितलं की त्यांच्यात एकच 'ला' तीन तऱ्हांनी म्हणतात. सपाट लांबवला तर 'ये'. चढा लांबवला तर वाक्याचा प्रश्न होतो. पटकन तोडला तर चंद्र. तिने तिन्ही म्हणून दाखवले, मला दोनच ऐकू आले.

मी विचारलं, मग राग आला तर काय करता? आवाज चढला की शब्दच बदलायचा.

"म्हणून रागात जपून बोलायचं," ती म्हणाली. अनोळखी माणसालाही ते दादा, मामा, मावशी म्हणतात, आपल्यासारखंच. मला ती मामा म्हणाली. मी तिला जॉर्जियनमधला अर्थ सांगितला, तेव्हा मात्र मोकळेपणी हसली.

मग तिने अक्षरं काढून दाखवली. कडी सगळ्यांची एकच, फक्त तोंड कुठे उघडं आहे ते बघायचं. खाली उघडं तो ग. उजवीकडे उघडं तो ङ. वर उघडं तो प. "एवढं दिसलं की बर्मी वाचायला लागलात," म्हणाली. "चला, बघू तुम्हाला किती दिसतं." आणि मला भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवलं. भिंतीवर तक्ता होता, त्यावर कड्याच कड्या. प्रत्येकीला एक फट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. डोळे तपासायचा तक्ता म्हणे असाही असतो, ज्याला कुठलीच लिपी येत नाही त्याच्यासाठी.

काय तो तक्ता. पहिल्या दोन ओळी ठीक. पुढे ठसा भरून आलेला, फटी बुजून गेलेल्या, सगळ्या कड्या बंद. मी तिला स्पष्ट सांगितलं, हे छापणाऱ्याला शाई किती घ्यायची ते कळत नाही. कुठल्या छापखान्याचं काम आहे? तिने माझ्या हनुवटीला हात लावून डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. आमचं काम भाषेचं चाललं होतं, हे मध्येच कशाला? मग एक कागद लिहून दिला, डॉक्टरांकडे अमुक तारखेला या. मी तो बाहेरच्या टोपलीत टाकला.

१४ एप्रिल

तो कागद घरी फ्रीजवर लावलेला आहे, इस्त्री केल्यासारखा सपाट. ही काल माझ्या मागोमाग तिथे आली होती तर. नवऱ्यावर पाळत. मी म्हटलं, काढ तो. म्हणाली, "तुम्हाला दिसतोय ना? मग वाचून दाखवा, काढते." बाईच्या तोंडी कोण लागतो?

१७ एप्रिल

तुलना पूर्ण केली. चार पानं, मोठ्या अक्षरात. हिने विचारलं, एवढं मोठं का? म्हटलं, मालकीणबाईंच्या डोक्यात शिरायला.

सुरुवातच अशी केली: 'दोन्ही लिप्यांत मूळ अक्षरं तेहेतीस. साम्य इथे संपलं.' मग सगळं घातलं. शब्दांतली जागा, टिंब आणि दोन रेघा, एकीत लोंबणारे आकडे, दुसरीत तोंड उघडलेल्या कड्या. दोन्ही भाषांची कुळं वेगळी, घशाचा ठसका वेगळा, आवाजाचा चढउतार वेगळा. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटतं म्हणून बर्मी अक्षर गोल झालं, असं सांगतात, तेही लिहिलं. त्या आईच्या पत्रातल्या पाच ओळी उतरवल्या. आणि शेवटी: 'या दोन लिप्यांत ज्याला फरक दिसत नाही, त्याला या कामावर एक दिवसही ठेवू नये. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्याने आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघावं.' हे मी घडीवालीला उद्देशून लिहिलं, कारण तिने सगळ्यांसमोर माझ्यावर बोट रोखलं होतं.

मालकीणबाईंनी उभ्याउभ्या वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबल्या. "काका, ही ओळ राहू द्यायची?"

"तीच ओळ महत्त्वाची," मी म्हटलं.

गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. बर्मी आणि जॉर्जियन येतात असं मी म्हणणार नाही, पण रस्त्यात समोर आल्या तर ओळखीन.

२० एप्रिल

चिठ्ठी आली.

मालकीणबाईंनी दार लावलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी भिंग काढलं. तारीख ४ मार्च. खाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून पूर्ण नावाखालून नेलेली. अशी सही या छापखान्यात एकच माणूस करतो.

मी म्हटलं, गिरवलीय. मग म्हटलं, खोकं नंतर बदललं असेल. मग म्हटलं, ट्यूब. महिनाभर सांगत होतो. मालकीणबाई ऐकत राहिल्या. त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांच्या वडिलांसारख्या दिसतात.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या खोलीतली ट्यूब मी दोनदा बदललीय. तुमच्यासाठीच."

मग म्हणाल्या, चिठ्ठी अजून फक्त माझ्याकडे आहे. तुलनेची शेवटची ओळ काढा. वर दोन ओळी घाला की दोन्ही लिप्या गोलसर आहेत, गफलत साहजिक आहे. कंपनी ऐकेल. घडीवालीला लेखी ताकीद देऊ आणि परवापासून परत घेऊ. तुमची दोनच वर्षं राहिलीत. कुणाचंच काही जात नाही.

मी पानं उचलली आणि घरी आलो. कुणावर चिडायचं ते ठरवता येत नव्हतं. कंपनीवर, ट्यूबवर, सहीवर. बसच्या नंबरावरसुद्धा चिडून झालं.

२१ एप्रिल

हिला म्हटलं, या वहीतलं पहिलं पान वाच. चार मार्चला मी काय लिहिलं ते मला ऐकायचंय. भिंग वाचनालयात परत द्यायचंय म्हणून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं.

ती बातम्या वाचल्यासारखी वाचत गेली. ट्यूब, शाई, क्रमांक. 'एक खोकं परत आलेलं नाही' इथेही अडखळली नाही. मग शिरप आलं, गळांचं खोकं आलं, आणि ती थांबली.

"थांबलीस का?"

"पुढचं तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "ते मला नाही वाचायचं."

मी खिडकीत गेलो. पान डोळ्यांपासून चार बोटांवर धरलं आणि एक एक शब्द वाचला. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्या माणसाची कॉलर धरली असती. ती बाई तीनदा आली होती. तिला दिसलं होतं. आठ वर्षं घड्या घालून तिला कड्या आणि गळ वेगळे कळत होते आणि मी तिला गप्प केलं. त्या मुलाच्या आईने कागद उलटसुलट करून बघितला, तो कागद मी आधीच उलटा धरून पास केला होता.

हिला विचारलं, तुला किती दिवस माहीत होतं? म्हणाली, "डोळ्यांचं? वर्षभर. बोलले असते तर वहीत माझ्यावर राग लिहिला असतात."

२२ एप्रिल

घडीवालीच्या घरी गेलो. तिने दार अर्धं उघडलं आणि अर्धंच ठेवलं. आत लोकांच्या चादरींचा ढीग होता, इस्त्री चालू होती.

मी म्हटलं, चूक माझी होती. चिठ्ठीवर माझी सही आहे.

"मला माहितीय," ती म्हणाली. "माझ्यासमोरच केलीत."

मी माफी मागायला लागलो, तिने हाताने थांबवलं. "वीस दिवस झाले मास्तर. शेजारीण विचारते, काय चोरलंस? सासू तोंडाने बोलत नाही, पण कपाटाला कुलूप लावायला लागलीय. मी त्यांना काय सांगू, घडी चुकली म्हणून? घडी माझी चुकली नव्हती."

"नाही चुकली."

"उजेडात बघा म्हटलं तर तुम्ही काय बोललात ते आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं. लिहिलेलं आहे माझ्याकडे.

तिला ते अपेक्षित नसावं.  मग म्हणाली, "मग ते द्या त्यांना. तुमच्या माफीचं मी काय करू, घरात कुठे ठेवू? कागद द्या. आणि मी तीनदा आले होते, हे त्यात पाहिजे. एकदा विचारून गप्प बसणारी बाई मी नाही. तीनदा."

ताकीद घेऊन कामावर परत येणार का, हे मी विचारायला गेलो होतो, खरं सांगायचं तर. ते विचारलं नाही. तिने दार लावलं, जोरात नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

२३ एप्रिल

तुलनेतली एक ओळही बदलली नाही. जॉर्जियन आणि बर्मी सारख्या दिसत नाहीत. ज्याला दिसतात त्याला कामावर ठेवू नये. मी जे लिहिलं ते बरोबर लिहिलं. फक्त शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'तो मी', आणि सही केली. शेपटी वाकडी गेली.

पुरावा म्हणून चार मार्चचं पान फाडून जोडायचं ठरवलं. फाडण्यापूर्वी वहीच्या शेवटी त्याची नक्कल उतरवून घेतली, नक्कल ठेवल्याशिवाय मूळ कागद हातावेगळा करायचा नाही, ही सवय. आणि नक्कल करणाऱ्याने स्वतः तपासायची नाही, हा नियम. म्हणून हिला बसवलं. मी भिंगाखाली मूळ वाचत गेलो, ती नक्कल बघत गेली.

मध्येच तिने बोट ठेवलं. "इथे एक शब्द नाही."

"कुठला?"

"'तिसऱ्यांदा'. मुळात 'तिसऱ्यांदा आली' आहे. तुम्ही नुसतं 'आली' लिहिलंय."

मी म्हटलं, डोळे. दिसलं नसेल.

"असेल," ती म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं. मला तिचा भयंकर राग आला. शब्द वर घालून दिला, तिने पुन्हा ताळा घेतला, मगच नकलेखाली सही केली. एकतीस वर्षांत माझं काम पहिल्यांदाच कुणीतरी तपासलं.

घडीवालीला परत घ्या, ताकीद मला द्या आणि माझ्या टेबलावर तिला बसवून बघा, असं वर एका वेगळ्या कागदावर मालकीणबाईंना लिहिलंय. फ्रीजवरच्या कागदावरची तारीख उद्याची आहे. साडेदहा. ही म्हणते, सोबत येते. मी म्हटलं, पाळत ठेवायची सवय लागलीय तुला.

पान फाडताना लक्षात आलं, मागच्या बाजूला मालकीणबाईंना दगड म्हटलंय. झाकायला वर चिकटपट्टी लावावी असं एकदा मनात आलं. ही समोरच बसली होती. पान तसंच पाकिटात घातलं.